आत्याबाईंना मागे बसवलं तो दिवस

"डावीकडून सायकलवाला निघालाय. मागे दुधाचे कॅन आहेत. थांबला बघा. जाऊ द्या आता."

"दिसतंय मला," अण्णा म्हणाले.

"पुढे उजव्या अंगाला म्हशी आहेत. एक रस्त्यावर येईल असं वाटतंय."

"अगं, दिसतंय म्हटलं ना. तोंडाला जरा कुलूप लाव. सकाळी सकाळी टकळी सुरू."

नांदेड सोडून आम्हाला अर्धा तासही झाला नव्हता. पुढे स्टेअरिंगवर माझे सासरे अण्णा, त्यांच्या शेजारी ही बोलणी खाणाऱ्या सासूबाई, मागे मी, माझा नवरा दिगंबर आणि मांडीवर झोपलेली चार वर्षांची गौरी. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. सांगलीला दिलेली माझी नणंद वंदना बाळंत झाली होती आणि आम्ही बारशाला निघालो होतो. साडेचारशे किलोमीटरचा रस्ता, एका दिवसात गाठायचा. रेल्वेने जाऊ, असं दिगंबरने दोनदा सुचवून बघितलं होतं. "दारात गाडी असताना रेल्वे कशाला?" अण्णांनी विचारलं, आणि विषय संपला.

गाडी म्हणजे जुनी पांढरी सुमो. अण्णांनी एकतीस वर्षं सरकारी जीप चालवली आणि निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा काय केलं असेल, तर ही गाडी घेतली. एकतीस वर्षांत आपल्या गाडीचा कुणाला साधा धक्काही लागला नाही, हे ते पाहुण्याला चहा यायच्या आत सांगत. गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. दिगंबरला त्यांनी एकदा शिकवायला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी इतकं फाडून बोलले, की त्याने पुन्हा चावीला हात लावला नाही.

मला मात्र गाडी येत होती. लोह्याला माझ्या वडिलांचा टेम्पो होता. आठवडी बाजाराला ते भाजीपाला वाहायचे आणि सतराव्या वर्षी त्यांनी मला शिकवलं. अठरा पूर्ण होताच माझं लायसन्स निघालं. सासरी आल्यापासून ते कपाटात साड्यांच्या घडीखाली पडून होतं. या प्रवासाला निघताना का कोण जाणे, मी ते पर्समध्ये टाकलं होतं.

अहमदपूरला चहाला थांबलो तेव्हा अण्णा मान चोळत होते. मी म्हटलं, "अण्णा, लातूरपर्यंत मी घेऊ का? तुम्ही जरा पाठ टेका."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "दिगंबर," ते म्हणाले, "तुझ्या बायकोला सांग, ही सुमो आहे. वांग्यांचा टेम्पो नाही."

दिगंबर हसला. माझ्या बापाच्या कष्टांवर बोललेलं होतं ते, आणि माझा नवरा हसला. मी कपातला चहा तसाच ठेवून गाडीत जाऊन बसले.

लातूर गेलं, तुळजापूर गेलं. ऊन चढलं. पुढच्या सीटवरून आत्याबाईंचं बोलणं काही थांबत नव्हतं. ट्रक आला, बाई पदर सावरत उभी आहे, पोरं चेंडू खेळतायत, डावीकडे खड्डा आहे. आणि दर चार वाक्यांनी अण्णांचं ठरलेलं, गप्प बस. आत्याबाई दोन मिनिटं गप्प बसत, मग पुन्हा हलक्या आवाजात सुरू होत. मी मागे बसून ऐकत होते. घरातही त्यांच्या वाट्याला असंच बोलणं यायचं, पण घरात मी स्वयंपाकघरात निघून जाऊ शकत होते. इथे सहा तास ते माझ्या कानाशी चाललं होतं. बाई हौसेने रस्ता बघतेय, चार शब्द बोलतेय, तेवढंही या माणसाला सोसत नाही, असं माझ्या मनात येत होतं.

सोलापूर ओलांडून एका धाब्यावर जेवायला उतरलो. दारात आत्याबाईंनी अण्णांच्या कोपराला हात लावला. "पायरी आहे," त्या म्हणाल्या.

अण्णांनी हात झटकला. "मी काय आंधळा आहे?"

टेबलावर वाढप्याने पाण्याचे ग्लास आणून ठेवले. भाकरीकडे हात नेताना अण्णांचं डावं कोपर ग्लासला लागलं आणि सगळं पाणी ताटात सांडलं. अण्णा आत्याबाईंवर उसळले. "इथे ग्लास ठेवतात का? छत्तीस वर्षं झाली लग्नाला. ग्लास कुठे ठेवावा एवढंही तुला शिकवावं लागतं?"

"चुकलं माझं," आत्याबाई म्हणाल्या आणि पदराने टेबल पुसू लागल्या.

आजूबाजूची जेवणारी माणसं बघत होती. दोन ट्रक ड्रायव्हर, एक नवं लग्न झालेलं जोडपं, गल्ल्यावरचा मालक.

"ग्लास वाढप्याने ठेवला होता, अण्णा," मी म्हटलं.

"मी तुझ्याशी बोललो का?"

"नाही. पण ज्यांच्याशी बोललात त्यांनी ठेवला नव्हता."

दिगंबरने टेबलाखालून माझा पाय दाबला. मी पाय काढून घेतला. आत्याबाई जेवल्याही नाहीत, गौरीला भरवत बसल्या.

गाडीपाशी आलो तेव्हा मी पुढचं दार धरून उभी राहिले. "आत्याबाई, तुम्ही आता मागे बसा. दिगंबर बसेल पुढे."

"नको गं. मागे मला मळमळतं."

"खिडकीशी बसा. सकाळपासून तुम्ही बोलणी खाताय. मागे बसा, जरा झोप काढा."

"संजीवनी, ऐक माझं. मला पुढेच बसू दे."

त्यांनी दाराची कड धरून ठेवली. मला वाटलं, एवढी सवय झालीय या बाईला, की बोलणी खायची जागासुद्धा सोडवत नाही. मी त्यांचा दंड धरला. "आज एक दिवस गप्प बसून दाखवा. तुम्ही नसल्यावर काय होतं ते कळू दे त्यांना. जरा किंमत कळू दे."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. मग अण्णांकडे बघितलं. अण्णा गाडीच्या पलीकडे उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बसू दे की मागे," ते म्हणाले. "मला काय फरक पडतो?"

आत्याबाई मागे येऊन बसल्या. मंगळवेढा येईपर्यंत दिगंबरची मान छातीवर पडली होती आणि तो घोरत होता. आत्याबाई मात्र झोपल्या नाहीत. त्या सीटच्या कडेवर, पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. एकदा त्या मोठ्याने म्हणाल्या, "बैलगाडी." मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "त्यांचं ते बघतील." अण्णांनी गाडी थोडी उजवीकडे घेतली. बैलगाडी इतकी जवळून गेली, की बैलाच्या शिंगावरची रंगीत गोंड्यांची माळ मला ओळखता आली. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

सांगोला मागे टाकलं तेव्हा साडेतीन वाजले असतील. ऊन समोरून काचेवर येत होतं. रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं. डावी बाजू खणलेली, पुढे खडीचा ढीग, आणि ढिगाच्या अलीकडे डाव्या कडेला एक बाई लाल झेंडा घेऊन उभी होती. अंगात पुरुषी शर्ट, डोक्याला फडकं बांधलेलं. मी डावीकडेच बसले होते. मला ती लांबून दिसली. तिने झेंडा आडवा धरला, मग हलवला, मग दोन्ही हातांनी हलवला. गाडीचा वेग काही कमी होईना. आता ब्रेक लागेल, आता लागेल, असं मी मनात म्हणत होते.

"उजवीकडे घ्या हो, उजवीकडे," आत्याबाई किंचाळल्या.

बाईने खणलेल्या चारीत उडी टाकली. अण्णांनी ब्रेक मारला, चाकं घसरली आणि गाडी खडीच्या ढिगात नाक खुपसून थांबली. गौरीचा ओठ फुटला. बाकी आम्ही सगळे धड होतो. काही क्षण नुसता गौरीचा रडण्याचा आवाज होता आणि काचेवरून खाली घसरणाऱ्या खडीचा.

सगळ्यात आधी अण्णा उतरले. गाडीला धरत धरत ते चारीच्या कडेला गेले. मला वाटलं, त्या बाईला बघायला गेले.

"झेंडा नीट धरता येत नाही?" ते तिच्यावर ओरडले. "कामाला कोण ठेवतं तुमच्यासारख्यांना? आत्ता लेकरं मेली असती माझी."

बाई चारीतून वर येत होती. उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरला होता आणि मनगट विचित्र वळलं होतं. चेहरा धुळीने पांढरा. "मी झेंडा धरलाच हुता की," ती म्हणाली. एवढंच.

तोवर कामावरची माणसं गोळा झाली. मुकादम मोटारसायकलवरून आला. त्याने आमची गाडी बघितली, अण्णांचे पांढरे केस आणि इस्त्रीचा शर्ट बघितला, आणि त्याचं ठरूनच गेलं.

"साहेब, माफ करा. ही बाई अशीच आहे, लक्ष नसतं कामात." मग तिच्याकडे वळून, "कमल, झेंडा ठेव तिथं. उद्यापासून यायचं न्हाई."

"माझ्यासमोर मध्येच आली," अण्णा म्हणाले. "एकतीस वर्षं गाडी चालवतोय मी."

"मध्येच आली," दिगंबर म्हणाला. तो झोपेतून आत्ताच जागा झाला होता. त्याने काहीही बघितलेलं नव्हतं.

माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. गौरीला कडेवर घेऊन मी पुढे गेले. "ती मध्ये आली नाही. कडेलाच उभी होती. मी बघितलंय. तीनदा झेंडा दाखवला तिने."

"तू यात पडू नकोस," दिगंबर म्हणाला.

"का नको? तिचा हात मोडलाय, वर तिचं काम जातंय, आणि तू झोपला होतास."

मुकादम समजुतीने हसला. "ताई, तुम्ही मागं बसला होता. मागनं काय दिसतंय? ड्रायव्हिंग करणाऱ्याला खरं कळतं."

"तेच सांगतोय," अण्णा म्हणाले. "घरातल्या बायकांना रस्त्यातलं काय कळतं?"

तेव्हा आत्याबाई गाडीतून उतरल्या. त्या कुणाकडे न बघता थेट मुकादमासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना इतक्या माणसांत तोंड उघडताना कधी बघितलं नव्हतं.

"हिची चूक नाही," त्या म्हणाल्या. "यांना दिसत नाही."

"पार्वती," अण्णा म्हणाले.

"काचबिंदू आहे यांना. सहा वर्षं झाली. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं काही दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून लिहून दिलंय. तो कागद मी घरात पिठाच्या डब्याखाली ठेवलाय. सहा वर्षं मी शेजारी बसून यांना रस्ता सांगते, तेव्हा गाडी चालते. आज मी मागे बसले." त्यांनी श्वास घेतला. "हिला कामावरून काढलंत, तर मी इथून हलणार नाही. पोलिसांना बोलवा, त्यांनाही हेच सांगते."

अण्णा बॉनेटला हात टेकून उभे होते. मुकादमाने चपलेने खडी सारली आणि म्हणाला, "काढत न्हाई, मावशी. ऱ्हाऊ दे."

"तिच्याकडे बघून सांगा."

त्याने कमलकडे बघून सांगितलं.

त्या वेळी मला आत्याबाईंचा अभिमान वाटला असेल, असं कुणाला वाटेल. मला वाटला नाही. माझं डोकं भणाणून गेलं होतं. गौरीच्या ओठातलं रक्त माझ्या खांद्यावर लागत होतं. ही पोरगी रोज सकाळी याच गाडीतून बालवाडीला जात होती. मी स्वतः तिला वेणी घालून गाडीत बसवत होते आणि दारातून हात हलवत होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "सहा वर्षं. आणि माझी पोर तुम्ही त्यांच्या हातात देत होता."

"रोज मी बरोबर असायची," आत्याबाई म्हणाल्या.

"आज शेजारी नव्हता."

त्यांनी मान खाली घातली. मी अण्णांसमोर हात केला. "चावी द्या."

अण्णांनी चावी दिली नाही. गाडीतच आहे, म्हणाले. ते खरं होतं.

कामगारांनी गाडी ढकलून मागे घेतली. पुढचा एक दिवा फुटला होता आणि बंपर वाकला होता, पण इंजिन चालू झालं. कमलला आत्याबाईंनी पुढे माझ्या शेजारी बसवलं आणि स्वतःची शाल घडी करून तिच्या हाताखाली दिली. अण्णा सगळ्यात मागच्या आडव्या सीटवर जाऊन बसले, सामानाच्या पिशव्यांमध्ये. मी गाडी वळवली आणि सांगोल्याला दवाखान्यात नेली. कमलला प्लास्टर घालून, तिला तिच्या पालावर सोडून पुन्हा वाटेला लागेपर्यंत साडेपाच झाले.

मी पाच वर्षांनी चालवत होते, पण हातापायांना सगळं आठवत होतं. शेवटच्या टप्प्यात अंधार पडला आणि एकच दिवा होता, म्हणून बेताने नेली. आठ वाजता वंदनाच्या दारात पोचलो. ती बाळाला घेऊन उंबऱ्यात आली.

"किती उशीर केलात. आणि हे गाडीला काय झालं?"

"रस्त्याचं काम चाललं होतं," दिगंबर म्हणाला. "खडीवरून घसरली."

"अण्णा, दमला असाल हो, एवढ्या लांब चालवत आलात."

आम्ही सगळे उभे होतो. मी अण्णांकडे बघितलं, आत्याबाईंकडे बघितलं. गाडीची चावी माझ्या हातात होती.

"हो," अण्णा म्हणाले. "दमलो." आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई परसात बाळाचे लंगोट धूत होत्या. मी शेजारच्या दगडावर बसले. मला भांडायचं होतं. रात्रभर मी वाक्यं जुळवली होती.

"काल धाब्यावर मला एका शब्दाने सांगायचं होतं," मी म्हटलं. "त्यांना दिसत नाही, एवढंच. मी तुम्हाला मागे बसवलं नसतं. त्या बाईचा हात मोडला नसता. गौरी गेली असती म्हणजे?"

आत्याबाई लंगोट पिळत राहिल्या. "तोंडापर्यंत आलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग अडलं कुठे?"

"तू माझ्या बाजूने बोलत होतीस."

"त्याचं काय?"

"छत्तीस वर्षांत माझ्या बाजूने कुणी बोललं नव्हतं गं. ना माहेरी, ना सासरी, ना पोटच्या पोराने. तू माझा दंड धरून मला मागे बसवत होतीस. तुला नाही कसं म्हणू?" त्यांनी ओला हात कपाळाला लावला. "मला वाटलं, पन्नास-शंभर किलोमीटर काढू मागून. तेवढं बसावं म्हटलं."

मी त्यांच्या हातातला लंगोट घेतला आणि दोरीवर टाकला.

या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. अण्णा नाहीत, आत्याबाईही मागच्या वर्षी गेल्या. कुणाच्या तोंडून बाहेर फुटला कोण जाणे, पण नातेवाईक जमले की अजून तोच किस्सा निघतो. संजीवनीने भर रस्त्यात सासऱ्याकडून चावी हिसकावली, म्हातारा त्या दिवशी खचला. दिगंबर ऐकून घेतो, खाली बघतो. पूर्वी मी उठून जायचे. हल्ली तिथेच बसते आणि विचारते, कमलचा हात कुणाला आठवतो का? कुणालाच आठवत नाही. त्यांनी ते नाव कधी ऐकलेलंच नसतं.

त्या वेळी बारसं झालं आणि चौथ्या दिवशी आम्ही परत निघालो. निघताना कुणी काही ठरवलं नाही. मी स्टेअरिंगवर बसले, दिगंबर शेजारी. अण्णा आणि आत्याबाई मागे. सांगोल्याच्या अलीकडे काम अजून चालूच होतं. कमल तिथेच होती. उजवा हात गळ्यात आणि डाव्या हातात झेंडा. पलीकडून गाड्या सोडल्या होत्या म्हणून तिने आम्हाला थांबवलं. तिने गाडी ओळखली. माझ्याकडे बघून मान हलवली.

मागचं दार उघडलं. अण्णा उतरले. आत्याबाई त्यांना धरायला सरकल्या, तर ते म्हणाले, "बस तू." खडीत एकदा त्यांचा पाय अडखळला, पण ते सावरले आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. पलीकडून ट्रक जात होते, त्यामुळे आम्हाला काही ऐकू आलं नाही. कमल झेंडा खाली धरून ऐकत होती. अण्णा परत आले, बसले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"काय म्हणालात तिला?" आत्याबाईंनी विचारलं.

"तुला काय करायचंय?"

मी मागे वळणारच होते. पण त्याआधी आत्याबाई बोलल्या, अगदी सरळ, आवाज न चढवता.

"मला ऐकायचंय. सांगा."

समोरून एक उसाची ट्रॉली गेली. मग दुसरी गेली.

"चूक माझी होती म्हणालो," अण्णा म्हणाले.

"तिला ऐकू गेलं का?"

"गेलं."

"मग बरं," आत्याबाई म्हणाल्या. कमलने झेंडा बाजूला घेतला आणि मी गाडी काढली.